चर्चमागची फुलं

आमचं गाव श्टुटगार्टजवळ, गेर्लिंगेनपासून बसने अर्ध्या तासावर, द्राक्षांच्या एका उतारावर आहे. 'आमचं गाव' म्हणायची सवय मला अलीकडे लागली आणि म्हणताना अजूनही आवाज जरा खाली येतो. न जाणो, कुणी विचारलं, "तुमचं? कधीपासून?" आजवर असं कुणी विचारलेलं नाही, पण विचारलंच तर काय सांगायचं याची तयारी मी करून ठेवली आहे. स्वभावच तसा. ऑफिसात मी टेस्टर आहे. नवीन प्रोग्राम नीट चालला की बाकीचे खूश होऊन कॉफी प्यायला जातात आणि मी तो कुठे बंद पडेल हे शोधत बसते. तिथे या गुणाचा मला पगार मिळतो. घरी मात्र याचं कुणाला कौतुक नाही.

गेल्या वर्षी चर्चच्या मंडळाने ठरवलं की सुगीच्या सणाला, म्हणजे एर्न्टेडांकला, गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं. घरोघरचे जुने फोटो गोळा करायचे, स्कॅन करायचे, मोठे करून छापायचे आणि प्रत्येकाखाली दोन-चार ओळी लिहायच्या. गावात कॉम्प्युटरवाल्यांची कमी नाही, पण वेळ कुणालाच नव्हता. मला 'नाही' म्हणता येत नाही, कारण म्हटलं तर लोक काय म्हणतील याची काळजी करावी लागते. त्यामुळे स्कॅनिंग माझ्या गळ्यात पडलं. ओळी सांगायचं काम मात्र एका आजींकडे गेलं. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ, चर्चमध्ये दर रविवारी त्याच बाकावर बसणाऱ्या. दर बुधवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. त्या केक कापायच्या, चष्मा पुसायच्या आणि फोटो हातात घ्यायच्या.

मला इतिहास म्हटलं की राजे, तह आणि सनावळ्या आठवतात. आजींच्या इतिहासात यातलं काही नव्हतं. तीस वर्षांच्या युद्धात गाव जवळजवळ ओस पडलं होतं, हे त्या एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या. पण महायुद्धात चर्चच्या घंटा वितळवायला खाली उतरवल्या, तेव्हा कुठली बाई रडली आणि कुठली रडली नाही, हे सांगायला त्यांना एक अख्खी दुपार लागली. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं, सासूकडून ऐकलेलं होतं. त्या स्वतः युद्ध संपल्यावर पूर्वेकडून हाकलून दिलेल्या जर्मन लोकांबरोबर आईच्या कडेवर बसून इथे आल्या. गाव प्रोटेस्टंट, हे आलेले कॅथलिक. चर्च एकच. मग सकाळी गावकऱ्यांची प्रार्थना व्हायची आणि दुपारी यांची, आणि मधल्या वेळात कुणीतरी खिडक्या उघडून ठेवायचं. "हवा बदलायला," आजी म्हणाल्या. पुढे त्यांनी गावातल्याच मुलाशी लग्न केलं, नवऱ्याच्या पंथाच्या झाल्या, तरी बायका 'आपली' म्हणायला लागेपर्यंत केस पिकले. मला हे ऐकून धीर यावा, असा त्यांचा हेतू असावा. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि आणखीच घाबरले.

त्यांचे यजमान आठवडाभर बसने त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात जायचे आणि शनिवार-रविवार द्राक्षमळ्यात राबायचे. गावातले बहुतेक पुरुष तेच करायचे. एका बुधवारी त्यांच्या मळ्याचाच फोटो निघाला. उतारावर वेलींच्या रांगा, पाठीवर टोपली घेतलेला माणूस आणि त्याच्या पायाशी एक लहान मुलगा.

"ही जागा ओळखलीस?" आजींनी विचारलं. त्या मला 'तू' म्हणत, मी त्यांना 'तुम्ही'. "इथे आता तुमच्या घरांची ओळ आहे."

यजमान गेल्यावर आजींनी मळा वसाहतीसाठी विकला. एकटीच्याने होत नव्हतं. फोटोतल्या मुलाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, तो ठेवायचा होता. कारखान्यातली नोकरी सांभाळून करीन म्हणत होता. आजींनी त्याला न विचारता सही केली. तो त्या दिवसापासून घरी आलेला नाही, बापाच्या थडग्यावरही नाही, आणि राहतो कुठे, तर एका बसच्या अंतरावर, त्सुफेनहाउझेनला. आजींनी हे सगळं फोटोखालच्या ओळी सांगाव्यात तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "हे लिहू नकोस. फक्त 'द्राक्षमळा' लिही."

मी 'द्राक्षमळा' लिहिलं. त्या संध्याकाळी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत उभी राहिले तर पायाखालची फरशी मला परकी वाटायला लागली.

जूनमध्ये सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासरे गेल्यानंतर त्या पुण्यात एकट्याच राहतात आणि 'मला काही लागत नाही' हे वाक्य त्यांनी तोंडपाठ केलं आहे. येताना हातरुमालात गुंडाळून देव आणले होते, गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. बाकी सगळ्याची सोय झाली, फुलांची होईना. सुपरमार्केटातला गुच्छ मी आणून दिला तर त्यांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "अगं, ही फ्रिजमधली फुलं. देवाला सर्दी व्हायची." पुण्यात त्या सोसायटीच्या कुंपणावरून लोंबणारी जास्वंद तोडून आणतात. ते कुंपण दुसऱ्या सोसायटीचं आहे, पण फांदी आपल्या बाजूला आली की ती आपली, असा त्यांचा कायदा आहे.

आठवडाभरात गणपतीच्या पायाशी रोज एक ताजं लाल फूल दिसायला लागलं. मी गडबडीत होते, लक्ष दिलं नाही. एका सकाळी नाश्त्याला बसल्यावर सहज विचारलं.

"आई, हे फूल कुठून आणता हो?"

"चर्चच्या मागून. अगं, काय बाग केलीय त्या लोकांनी! तू मला दाखवलीसही नाहीस. प्रत्येक वाफ्याला देणगीदाराचं नाव. आपल्या मारुतीच्या देवळात पायऱ्यांवर असतात ना, 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ', तस्सं. दगडात कोरून, सालासकट. आणि झाऱ्या साखळीला बांधून ठेवल्यात, नाणं घातलं की सुटतात. म्हणजे दानपेटीच की. नाणं परत येतं, ते एक मला कळलं नाही. मी आधी झाडांना पाणी घालते, वाळकी पानं काढते आणि मग एकच फूल घेते. फुकट नाही घेत हो."

आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने ब्रेडला जॅम लावता लावता मान वर केली. "मामा, दास इस्ट डोख देर फ्रीडहोफ."

म्हणजे, आई, ते तर कबरस्तान आहे. सासूबाईंना कळलं नाही. त्या नातीकडे बघून हसल्या.

कबरीवरून फूल तोडणं हा जर्मनीत गुन्हा आहे का, हे मी मीटिंग चालू असताना मोबाइलवर शोधलं. शोधायला नको होतं. मृतांच्या शांततेचा भंग वगैरे शब्द दिसले आणि मला पोलीस, व्हिसा, वर्तमानपत्रातला फोटो, शाळेत मुलीला विचारले जाणारे प्रश्न, सगळं ओळीने दिसायला लागलं. आपल्या लोकांबद्दल आता गाव काय म्हणेल? वर्षभर मी त्यांच्या घंटांचा इतिहास लिहून घेत होते आणि माझीच सासू त्यांच्या मेलेल्यांची फुलं तोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. साडी, स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज, अशा त्या माझ्यापुढे झपाझप चालत होत्या. खरं सांगायचं तर त्यांची चूक मला तिथे गेल्यावर समजली. त्या भागात क्रूस नव्हतेच. ओबडधोबड सुंदर दगड, त्यांवर नाव आणि दोन सालं, पुढे निगुतीने केलेला वाफा. बाक, नळ, झाऱ्या. त्या एका वाफ्यापाशी थांबल्या. "ही बघ, यांची बेगोनिया सगळ्यात टवटवीत."

मी दगडावरचं नाव वाचलं. आजींच्या यजमानांचं.

अख्ख्या कबरस्तानात हेच थडगं मिळावं? मी सासूबाईंना बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. "आई, ही बाग नाही. इथे माणसं पुरलेली आहेत. ही नावं त्यांची."

त्यांनी आधी पाय वर घेतले. बाकावर, दोन्ही पाय, स्पोर्ट्स शूजसकट. मग पदर ओढून घेतला आणि उठून घरी आल्या. दाराला हात लावला नाही, मी उघडलं. डोक्यावरून अंघोळ केली, देव ताम्हनात घेतले, येताना आणलेली गंगाजलाची कुपी त्यांच्यावर रिकामी केली. मला रडू यायला लागलं होतं, पण मधूनच हसूही येत होतं, आणि दोन्ही दाबण्यात माझी सकाळ गेली. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, "कोण गं ते?"

मी सांगितलं. आजींबद्दल, कारखान्याबद्दल, मळ्याबद्दल. मुलाबद्दलही सांगितलं, तेवढं सांगायला नको होतं.

"इतके दिवस त्या गृहस्थांची फुलं घेतली," त्या म्हणाल्या. "आता एकदम तोंड फिरवायचं? यंदा पाऊस नाही. पाणी तरी घालते."

"अहो आई, नको! कुणी बघितलं तर?"

"बघू दे. पाणी घालणाऱ्याला कुणी बोलत नाही."

आणि त्या जात राहिल्या. फूल नाही, फक्त पाणी, आणि परत आल्यावर अंघोळ.

पुढच्या बुधवारी आजींनी फोटो काढलेच नाहीत. केक कापला, सुरी ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुणीतरी येतंय."

"कुठे?"

"त्याच्याकडे. मी संध्याकाळी जाते ना, तेव्हा माती ओली असते. पानं काढलेली असतात. आणि काही दिवस तर रोज एक फूल तोडलेलं असायचं. एकच, देठापासून, नखाने. ओरबाडलेलं नव्हे." त्यांचा आवाज बदलला. "माझा नवरा कामावर जाताना कोटाच्या बटणात एक फूल लावायचा. मुलगा तोडून आणून द्यायचा, सकाळी शाळेत जायच्या आधी. अगदी एवढासा होता तेव्हापासून."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"कारखान्यात पाळीवर जायच्या आधी येत असणार," आजी म्हणाल्या. "मला भेटायचं नसेल. नसू दे. पण येतोय. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मी त्याला फोन करणार आहे. इतक्या वर्षांत केला नाही. आता करणार."

त्यांच्या गालांवर रंग आला होता. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यात केक घातला.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो प्रोजेक्टच्या कॉलवरून नुकता उठला होता. "टेल हर, ना. सिम्पल. मिसअंडरस्टँडिंग झालं, सॉरी, क्लोज."

"मग तू सांग."

"मी? मला त्यांची ती स्वाबिश बोली कळत नाही."

"तो 'मी नाही आलो' म्हणाला तर त्यांचं काय होईल याचा विचार केलास? त्या पुन्हा कधी फोन उचलणार नाहीत. आणि हे सगळं आपल्यामुळे. मळा आपल्यामुळे, फोन आपल्यामुळे."

"मळा आपल्यामुळे कसा? आपण घर विकत घेतलं, मळा नाही घेतला."

सासूबाई सोफ्यावर बसून ऐकत होत्या. "तिला सांगायला तू जाऊ नकोस," त्या मला म्हणाल्या. "मुलगा आला म्हणून जी बाई खूश आहे, तिला तो आलाच नव्हता हे सांगायचं पाप मी तुझ्या डोक्यावर घालणार नाही. मी जाते. हातवारे करून सांगीन."

"अगं आई, काय हातवारे करणार तू?" नवरा म्हणाला.

"ते मी बघीन. वाट बघणं मला कुणी शिकवायला नको."

मागच्या दोन वर्षांत त्याचं पुण्याला जाणं झालं नव्हतं, आणि दोन्ही वेळा तिकीट रद्द करताना कारण खरं होतं. तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

मी ठरवलं, रविवारी आजींना फोनच्या आधी गाठायचं आणि सांगायचं. वाक्य तयार केलं. जर्मनमध्ये, मग जास्त सभ्य जर्मनमध्ये. घंटा वाजायच्या आधीपासून चर्चसमोर उभी राहिले. लोक बाहेर आले, पास्टर दारात हस्तांदोलन करत होते. आजी निघाल्या त्या चार-पाच बायकांच्या घोळक्यातून. त्या सगळ्यांसमोर काय सांगणार? मी घोळका पांगायची वाट बघत राहिले. आजींनी मला पाहिलं, हात हलवला, बायकांना मागे टाकून तरातरा निघाल्या आणि घरात शिरल्या. मी त्यांच्या दारापर्यंत गेले. बेलवर बोट ठेवलं. आतून त्यांचा आवाज आला, मोठा, फोनवर बोलताना म्हातारी माणसं बोलतात तसा. मी बोट काढलं आणि घरी आले.

बुधवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. ऑफिसात एक साधी चूक माझ्या नजरेतून सुटली. बॉसने "तब्येत बरी आहे ना?" विचारलं.

बुधवारी आजींनीच दार उघडलं. "तो 'हो' म्हणाला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी म्हटलं, वडिलांच्या झाडांना पाणी घालतोस, बरं वाटलं, थँक्यू. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, 'हो. मीच.'" त्या वळल्या आणि बशा काढायला लागल्या. "मग आम्ही पावसाबद्दल बोललो."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. अर्धं मिनिट पडलाही. पण मी टेस्टर आहे. लगेच मला दिसलं की हे कुठे बंद पडणार. तो माणूस आलेला नाही, तरी 'हो' म्हणाला. का म्हणाला असेल? फोन लवकर संपावा म्हणून? आता आजी रोज संध्याकाळी ओली माती बघणार आणि त्याच्यावर विश्वास ठेवणार. सासूबाई ऑगस्टअखेर पुण्याला परत जाणार. मग माती कोरडी पडेल. आजींना वाटेल, मुलगा एकदा बोलला आणि पुन्हा दूर गेला. आधी तो आला नव्हता म्हणून त्या जेवढ्या दुःखी होत्या, त्याहून जास्त दुःखी होतील. आणि आता तर खरं सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर आईला तिचा मुलगा खोटारडा ठरवल्यासारखं झालं असतं.

विमानतळावर सासूबाईंनी नातीचा मुका घेतला, मुलाच्या गालावरून हात फिरवला, आणि मला बाजूला घेऊन एकच शब्द म्हणाल्या, "पाणी."

म्हणून सप्टेंबरमध्ये मी ऑफिसला जायच्या आधी कबरस्तानात झारी घेऊन उभी राहायला लागले. उजाडायला आता उशीर होत होता आणि गवतावर दव असायचं. मला तिथे भूतबाधेची भीती वाटत नव्हती, माणसांची वाटत होती. कुणी दिसलं की मी पाठ फिरवून भलत्याच दगडावरचं नाव वाचत राहायची. हे किती वर्षं करायचं? घर बदललं तर? मी आजारी पडले तर? प्रदर्शनासाठी मी शेकडो वर्षांच्या गावाच्या कथा छापायला देत होते आणि एका वाफ्याची कथा मला निभावता येत नव्हती.

एका सकाळी गेले तर नळापाशी एक माणूस होता. पन्नाशीचा, कारखान्याचं जॅकेट घातलेला, हातात भरलेली झारी. तो आजींच्या यजमानांच्या दगडाकडे चालत गेला. मी पळून जायला हवं होतं. त्याऐवजी सवयीने नाणं घालून झारी सोडवली आणि साखळी खळखळली. त्याने वळून पाहिलं.

"आल्झो," तो म्हणाला. "तुम्ही आहात तर."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. सगळं बोलले असणार. गणपती, लाल फूल, देवळाच्या पायऱ्यांवरचे देणगीदार, पाऊस न पडणं, माझ्या सासूबाई चोर नाहीत हे दोनदा. माझं जर्मन घाबरल्यावर फार बिघडतं. तो झारी धरून ऐकत होता, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"इतक्या वर्षांनी आईचा फोन आला," शेवटी तो म्हणाला, "आणि ती पहिलाच शब्द 'थँक्यू' म्हणाली. मी काय म्हणणार होतो?" त्याने झारी वाकवली, पाणी धबाधबा ओतलं. "आता 'हो' म्हटल्यावर यायला नको का? रोज नाही जमत. आलो की माती आधीच ओली असते. मला वाटलं, मला वेड लागलं."

मी सॉरी म्हणाले.

"कुठे राहता?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी हाताने दाखवलं. वर, नव्या वसाहतीकडे.

त्याने तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कुठली ओळ?"

"वरून दुसरी."

"तिथे ऊन चांगलं येतं," तो म्हणाला. त्याने झारी नळाजवळ नेऊन साखळीला लावली, नाणं खिशात टाकलं आणि जाता जाता म्हणाला, "उद्यापासून तुम्ही येऊ नका. मी बघतो."

मी गेले नाही. पण तो खरोखर येतोय की नाही, हे कळायलाही मार्ग नव्हता. आजींना विचारायची सोय नव्हती, आणि बुधवारी त्या फक्त प्रदर्शनाचंच बोलायच्या, कुठला फोटो कुठे, कुणाला राग येईल, कुणाला मान हवा. मी त्यांचा चेहरा बघत बसायची आणि त्यांना वाटायचं मला ओळी पसंत नाहीत. त्या पुन्हा बदलायच्या.

सुगीच्या रविवारी चर्चमध्ये भोपळे, सफरचंदं, मोठा पाव आणि द्राक्षांचे घोस मांडले होते. प्रार्थनेनंतर सगळं गाव शेजारच्या सभागृहात आलं. फोटो भिंतींवर लागले होते. लोक त्यांत आपली माणसं शोधत होते, बोटं दाखवत होते, ओळींतल्या चुका काढत होते. माझ्या नवऱ्याला कुणीतरी बीअर दिली होती. मी केकच्या टेबलापाशी उभी होते, कारण तिथून दार दिसत होतं.

तो आला. आज जॅकेट नव्हतं, इस्त्रीचा शर्ट होता. कुणाशी फारसं न बोलता भिंतीभिंतीने फिरत गेला आणि द्राक्षमळ्याच्या फोटोसमोर थांबला. फोटोतल्या वेलींच्या रांगा, टोपलीवाला माणूस, पायाशी तो स्वतः. लोक त्याच्या मागून जात-येत होते. तो हलला नाही.

आजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. हातात कॉफी होती. त्याही तिकडेच बघत होत्या.

"तुझ्या सासूबाई परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्यात. का?"

"त्यांना सांग, फुलं लागली तर माझ्या अंगणातली घ्यायची. बेगोनिया देवासाठी फार लहान पडते."

मी हातातली बशी टेबलावर ठेवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"गावात सकाळी साडी नेसून झारी घेऊन फिरणारी बाई एकच होती. तू बुधवारी घरी गेलीस आणि शनिवारपर्यंत मला तिघींनी येऊन सांगितलं."

"शनिवारी? म्हणजे तुम्ही फोन केलात त्याच्या आधी?"

"आधी." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "पण फोन करायचा धीर गोळा झाला होता. तो काय पुन्हा पुन्हा होतो? म्हटलं, आता करूनच टाकू. विचारलं त्याला, तो 'नाही' म्हणणार असं धरूनच विचारलं."

मी टेबलावरची बशी पुन्हा उचलली.

"आणि तो 'हो' म्हणाला," आजी म्हणाल्या. "माझं मन मोडू नये म्हणून त्याला खोटं बोलावंसं वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्याबद्दल त्याला काहीच वाटत नाही."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. भिंतीपाशी तो वळला. माणसांच्या गर्दीतून आम्हाला शोधत आला, टेबलाच्या पलीकडे उभा राहिला, मला मान हलवून नमस्कार केला. मग आजींकडे न बघता, रिकाम्या कपाकडे बघत म्हणाला, "आई, घरी सोडू का तुला?"

आजी उठल्या आणि कोट शोधायला लागल्या. कोट खुर्चीच्या पाठीवरच होता, पण त्यांना तो काही केल्या दिसेना, म्हणून मी तो काढून त्यांच्या हातात दिला.